ताट ठेवेपर्यंत थांबा: स्वयंपाकघरातल्या एका प्रसंगाचं पार्श्वसंगीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २४ मिनिटांचा लघुपट आहे. त्यात सातारा भागातल्या एका घराच्या स्वयंपाकघरात ३ मिनिटं १० सेकंदांचा प्रसंग घडतो. माहेरी आलेल्या मुलीला पिठाच्या डब्याखाली शेताचं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, सापडतं. तिचे वडील, आबा, सांगतात, "काल सही झाली." ती काही बोलत नाही, गॅस बंद करते, ताट वाढते. तुम्ही लायब्ररीतला पियानो-व्हायोलिनचा एक पीस पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत लावला आहे. आवाज वाढवला की संवाद बुडतात, कमी केला की संगीत असून नसल्यासारखं होतं, आणि प्रसंग मालिकेसारखा वाटतो. म्हणून तुम्ही विचारता, दुःखी प्रसंगाला कोणता राग आणि कोणतं वाद्य घ्यावं? शेवटी आबा एका गाजलेल्या चालीत तुकोबांचा अभंग गुणगुणतात, त्याला परवानगी लागेल का, हाही प्रश्न आहे.

राग आणि वाद्य यांच्याकडे येतोच, पण अडचण तिथे नाही. तुमचं संगीत पहिल्या सेकंदाला सुरू होतं आणि मुलीला कागद दिसतो ४८व्या सेकंदाला. म्हणजे तिच्या आयुष्यात काहीतरी वाईट झालंय हे व्हायोलिनला तिच्या ४८ सेकंद आधी कळलंय. प्रेक्षक मग तिच्यासोबत कागद शोधत नाही, ती कधी रडते याची वाट बघत बसतो. त्या जागी जगातला सर्वांत सुंदर पीस लावला तरी हेच होईल. आधी संगीत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते ठरवा. काय वाजवायचं हा प्रश्न त्यानंतर बराच सोपा होतो.

मालिकेसारखं वाटण्याचं कारणही यातच आहे. दैनंदिन मालिका पुष्कळ घरांत पाहिली जाते त्यापेक्षा ऐकली जास्त जाते. कुणी पोळ्या लाटत असतं, कुणी डबा भरत असतं. पडद्याकडे पाठ असलेल्या माणसालाही प्रसंगाचा कल कळावा म्हणून तिथे संगीत आधी येतं आणि सतत राहतं. संगीतकार प्रत्येक भाग पाहून संगीत करत नाही. पात्रांच्या थीम, त्यांची हळवी, ताणाची, आनंदाची रूपं असा साठा तो सुरुवातीला करून देतो आणि पुढे रोज संकलनाच्या टेबलावर त्यातले तुकडे लावले जातात. त्या माध्यमाची ती गरज आहे आणि तिथे ते योग्यच आहे. तुमचा प्रेक्षक मात्र अंधारात समोर बघत बसणार आहे, त्याला तीच गोष्ट दोनदा सांगितली की खटकतं.

आता जागा. तुम्ही दिलेल्या वेळा अशा आहेत: ०:४८ कागद, १:५२ आबांचं वाक्य, २:०५ गॅस बंद, २:१४ ती पाठमोरी आणि हुंदका, २:४१ ताट समोर ठेवते, २:५२ "आबा, जेवून घ्या", ३:१० शेतावर कट. मी पहिली दोन मिनिटं पाच सेकंद पूर्ण कोरी ठेवेन. तिथे आमटीचं रटरटणं, बर्नरचा आवाज, कागदाची सळसळ, बाहेरचा एखादा कावळा एवढं पुरे. १:५२च्या वाक्यावर संगीत सुरू करायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो टाळा. बातमीवरच सूर आला की तो बातमीखाली मारलेल्या रेघेसारखा वाटतो. त्या वाक्यानंतरचे तेरा सेकंद कुणी बोलत नाही, ते तसेच राहू द्या.

२:०५ला गॅस बंद होतो तेव्हा दोन मिनिटं कानाला सवय झालेला आवाज अचानक जातो आणि एक पोकळी तयार होते. संगीत आत आणायला अशी जागा फार चांगली, कारण कानाला काहीतरी बदलल्याचं कळतं, पण 'आता संगीत सुरू झालं' असं वाटत नाही. गॅसचं बटण फिरल्यावर साधारण एक सेकंद शांतता ठेवा आणि मग पहिला सूर अगदी हळू, दोन-तीन सेकंदांत वर येऊ द्या. दार लागणं, गाडी निघून जाणं, पंखा बंद होणं, कुकरची शेवटची शिट्टी, हे सगळे असेच आडोसे आहेत. तुमच्या चित्रपटात इतरत्रही ते शोधा.

हे सगळं तुमचा कट जसा आहे तसा धरून सांगतोय. चेहऱ्यांचे क्लोज-अप किती आहेत, अभिनय किती आत ठेवलेला आहे, त्यावर निर्णय बदलू शकतो. अभिनेत्री १:५२ नंतर फारच कोरी वाटत असेल तर संगीत लवकर आणावंसं वाटेल. पण तेव्हाही आधी त्या शॉटची लांबी कमी करून बघा. संगीताने अभिनय दुरुस्त होत नाही, त्याची कमतरता जास्त उठून दिसते.

वाद्याबद्दल. बासरी म्हणजे गाव, सारंगी म्हणजे अश्रू, सनई म्हणजे लग्न, ही समीकरणं प्रेक्षकाच्या कानात इतकी घट्ट आहेत की वाद्य वाजायच्या आधीच अर्थ पोचलेला असतो. आणि गाव म्हणून कुठलंही लोकवाद्य उचलू नका. हलगी, संबळ, तारपा, घुमट या प्रत्येकाला आपला मुलूख आणि आपलं निमित्त आहे. तारपा डहाणू-जव्हारकडच्या वारली वस्त्यांचा, घुमट गोव्याचं, संबळ वाजला की देवीचा गोंधळ आठवतो. यातलं एखादं साताऱ्याच्या स्वयंपाकघरात आणलंत तर जाणकार प्रेक्षक प्रसंगाबाहेर जाईल.

वाद्य चित्रपटाच्या आत शोधा. तुम्ही लिहिलंय की आबा पूर्वी भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि तो फोटो पहिल्या मिनिटात भिंतीवर दिसतो. मग दुसरं काही शोधायची गरज नाही. पेटी घ्या, एकच, आणि साथीला काहीही नको. पेटीला मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, त्यामुळे ती सारंगीसारखी रडू शकत नाही, आणि या प्रसंगात तो गुण आहे. तिला भाता आहे, म्हणजे श्वास आहे. ध्वनिमुद्रण करताना एक माइक पट्ट्यांच्या वर दीड-दोन फुटांवर आणि दुसरा भात्याच्या बाजूला लावा, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर घ्या. भात्याची हवा आणि पट्टीचा टकटक आवाज एरवी काढून टाकतात. इथे तो हवा आहे, किती हवा ते मिक्समध्ये ठरवता येईल.

२:१४चा हुंदका मी काढून टाकेन. ती पाठमोरी आहे, खांदे हलताना दिसतात. दिसणारं रडणं, ऐकू येणारं रडणं आणि वर रडणारं वाद्य, अशा तीन गोष्टी एकावर एक चढल्या की तिन्ही पातळ होतात. 'पथेर पांचाली'मध्ये (१९५५) मुलगी गेल्याचं बापाला कळतं त्या क्षणी आईचा आक्रोश दिसतो, पण ऐकू येते ती तारशहनाई, गजाने वाजवायचं एक तंतुवाद्य. सत्यजित राय यांनी तिथे आवाजाच्या जागी वाद्य ठेवलं. तुमच्याकडे तेवढी मोठी किंकाळी नाही, म्हणून तेवढं मोठं वाद्यही नको. खांदे हलतात तिथे भात्याचा एक मोकळा श्वास येऊ द्या, त्यावर नवा सूर नको. पुरेसं होईल.

आता राग. दुःखासाठी राग शोधू नका. पूर्ण राग आपल्या चलनासकट आला की तो स्वतःची गोष्ट सांगू लागतो, आणि पासष्ट सेकंदांत तो ना नीट उभा राहतो ना प्रसंगाला जागा देतो. तीन-चार स्वर घ्या. पहिल्या ३६ सेकंदांत षड्ज, ऋषभ आणि पंचम एवढेच. गंधार नाही, त्यामुळे कान ना सुखाकडे झुकतो ना दुःखाकडे. ताट ठेवल्यावर गंधार पहिल्यांदा लागू दे. कोमल की शुद्ध? दोन्ही वाजवून घ्या आणि चित्रावर लावून बघा, पण माझा कौल शुद्धला आहे. दुःख चित्रात आधीच आहे. चित्रात न बोललेली गोष्ट वेगळी आहे: इतकं होऊनही ती बापाला जेवायला वाढते. ते शुद्ध गंधार सांगेल. कोमल गंधार फक्त जे दिसतंय तेच पुन्हा म्हणेल.

पट्टी निवडताना फ्रिजकडे लक्ष द्या, हे गमतीने सांगत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे फ्रिजची घरघर मुख्यतः १०० हर्ट्‌झवर असते. पेटीची पाचवी पांढरी पट्टी षड्ज धरली, म्हणजे पांढरी पाच घेतली, तर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) षड्जाची कंपनसंख्या ९८ येते. हे दोन आवाज एकत्र आले की सेकंदाला दोनदा हेलकावणारी एक लाट तयार होते आणि पेटी बेसुरी असल्यासारखी वाटते, वाजवणारा कितीही चांगला असला तरी. पांढरी एकमध्ये तोच ९८चा सूर पंचम म्हणून येतो, म्हणजे तिथेही तेच. पांढरी तीन घ्या, तिचे षड्ज आणि पंचम या घरघरीपासून बरेच लांब आहेत. पुढच्या वेळी चित्रीकरणाआधी फ्रिज बंदच करा आणि गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे निघताना परत चालू करायला विसरणार नाही.

लयीचं गणित साधं आहे. संगीत २:०५ला सुरू झालं तर ताट ३६व्या सेकंदाला, "आबा, जेवून घ्या" हे वाक्य ४७व्याला, शेतावरचा कट ६५व्याला येतो. मात्रांची संख्या गुणिले ६० भागिले सेकंद, म्हणजे लय. ताटापर्यंत चार मात्रांची दहा आवर्तनं बसवायची तर ४० गुणिले ६० भागिले ३६, उत्तर मिनिटाला ६६.६७ मात्रा. या लयीत एक मात्रा ०.९ सेकंदाची. ताट अकराव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येतं. वाक्य चौदाव्या आवर्तनाच्या सुरुवातीला येतं, समेनंतर जेमतेम ०.२ सेकंदाने. कट एकोणिसाव्याच्या समेवर, पण तोही ०.२ सेकंद उशिरा, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात पाच फ्रेम. सूर चित्राच्या थोडा नंतर आला तर चालतो, आधी आला तर तो चित्राला ढकलतोय असं वाटतं. म्हणून शेवटच्या दोन आवर्तनांत लय ६५पर्यंत खाली आणा. आठ मात्रांना ७.२ऐवजी ७.४ सेकंद लागतील, कट जागेवर येईल आणि लय बदलल्याचं कुणाला कळणार नाही.

ताट टेकतं त्या फ्रेमवर सूर मारू नका. भांड्याचा आवाज आणि सूर एकत्र आले की कार्टूनसारखा परिणाम होतो. भांड्याचा आवाज होऊ द्या, अर्धी मात्रा जाऊ द्या, मग गंधार. वाक्याआधी तेराव्या आवर्तनाच्या शेवटी चाल थांबवा आणि चौदावं आवर्तन जवळजवळ मोकळं ठेवा, खाली फक्त मंद्र षड्ज.

एकच पेटी असेल तर क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यांवर, वाजवायलाच हवं असं नाही. वरचं गणित तुमच्या आखणीसाठी. वादकाला चित्र दाखवा, ताट आणि कट यांच्या आधी तीन-तीन सेकंद पडद्यावर एक उभी रेघ सरकत येईल अशी खूण करा आणि सलग चार-पाच टेक घ्या. पहिला टेक बहुधा जास्त भरलेला असतो. वादकाला 'दुःखी वाजवा' असं सांगू नका. 'आबा खूप दिवसांनी पेटी उघडून सूर लागतो का बघतायत' असं काहीतरी करण्याजोगं सांगा. क्लिक तेव्हा हवा, जेव्हा वर दुसरं वाद्य चढवायचं असतं.

संवाद बुडण्याचं कारण आवाजाची पातळी एवढंच नसतं. बाईचा बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो, आणि व्हायोलिनचा खालचा भाग व पियानोचा मधला भाग नेमके तिथेच येतात. व्यंजनं स्पष्ट करणारा भाग त्याच्या वर, २ ते ४ हजारांच्या आसपास. म्हणून तुम्ही सगळं संगीत खाली ओढलंत तरी शब्द झाकलेलेच राहिले आणि संगीत मात्र हरवलं. पेटीही याच पट्ट्यात येते, म्हणूनच वाक्याखाली चाल थांबवायची. आधी संवाद पूर्ण बसवा, त्यांना हात लावायचा नाही असं ठरवा, आणि मग संगीत त्याखाली दहा-बारा डेसिबल ठेवून सुरुवात करा. उरलेल्या सूरातून २ ते ४ हजारांच्या भागात दोन-तीन डेसिबल काढलेत तर शब्द मोकळे होतील. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तिथे खर्जातला नुसता सिंथचा ड्रोन, म्हणजे सतत चालणारा सूर, नाहीसा होतो. पेटीच्या पत्तीला वरचे उपस्वर भरपूर असतात, त्यामुळे मूळ स्वर दबला तरी ती ऐकू येते.

संगीत ३:१०च्या कटवर संपवू नका. कटवर सुरू होऊन कटवर संपणारं संगीत चिकटवल्यासारखं दिसतं. शेताचा वाइड शॉट १८ सेकंदांचा आहे. षड्ज त्यात सात-आठ सेकंद राहू द्या आणि वाऱ्याचा आवाज वर येईल तसा तो विरू द्या. भात्याची हवा संपते तसा, मिक्सरवरच्या फेडने नाही. सूर आणि वारा यांची अदलाबदल झाली की संपण्याची जागा कळत नाही.

लायब्ररीतला पीस आज रात्रीच टाइमलाइनवरून काढा. संकलनाच्या काळात तात्पुरतं लावलेलं संगीत शंभरदा ऐकलं की तेच बरोबर वाटू लागतं, आणि नवं काहीही आलं तरी ते 'त्याच्यासारखं नाही' म्हणून नापसंत होतं. दोन दिवस प्रसंग संगीताशिवाय बघा. तेवढ्याने पुरेसा वाटला तर पेटीही नको, शेतावरच्या कटपासून सुरू करा. ही शक्यता मी खरंच खुली ठेवेन.

अभंगाचं उत्तर दोन भागांत आहे. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. गाजलेली चाल मात्र संगीतकाराची, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तिचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६०च्या तबकडीतल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२०अखेर संपली असली तरी चालीची संपलेली नसू शकते. 'जुनं गाणं आहे, मोकळं असेल' हा गैरसमज इथूनच येतो. आबा नुसते गुणगुणले तरी चाल वापरलीच जाते, तेव्हा परवानगी घ्या. किंवा तोच अभंग गावातल्या भजनी मंडळाच्या पारंपरिक चालीत घ्या, जी कुणा एकाच्या नावावर नाही. आबा भजनी मंडळातले आहेत, त्यांच्या तोंडी ती जास्त शोभेल. ओठांची हालचाल जुळत नसेल तर ती ओळ शेताच्या शॉटवर न्या. पेटीवादकाकडूनही एका कागदावर लेखी संमती आणि मोबदल्याची नोंद घ्या. चित्रपट पुढे टीव्ही किंवा ओटीटीवर गेला तर कोणता पीस कुठून कुठपर्यंत वाजतो आणि तो कुणाचा, याचा तक्ता, म्हणजे क्यू-शीट, मागतील. ती आत्ताच भरून ठेवा. लायब्ररीचे इतर पीस चित्रपटात राहणार असतील तर त्यांचा परवाना फक्त वेबसाठी आहे की महोत्सव आणि प्रसारणालाही चालतो, तेही बघा.

स्टुडिओत जाण्याआधी दोन आकडे संकलकाकडून लेखी घ्या: चित्रपट २४ फ्रेमचा आहे की २५चा, आणि सॅम्पल रेट. संकलन कुलूपबंद झाल्याशिवाय ध्वनिमुद्रण करू नका, नंतर कुणी ताटाचा शॉट बारा फ्रेमने कापला तर वरचं सगळं सरकेल. फाइल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह. ४४.१वर केलेली फाइल रूपांतर न करता ४८वर वाजली तर तुमचे ६५ सेकंद ५९.७ होतात आणि पट्टी जवळजवळ दीड घर वर चढते. पेटीचा ट्रॅक, भात्याचा ट्रॅक आणि मंद्र षड्ज वेगवेगळ्या फाइलींत द्या, तिन्हींची सुरुवात एकाच टाइमकोडवर, आणि तो टाइमकोड फाइलच्या नावातच लिहा. पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमची बीप ठेवा, म्हणजे मिक्स करणाऱ्याला तुम्हाला फोन न करताही तिन्ही फाइली जागेवर बसवता येतील.